पेरासचं कोरडं कुंड

"बेचाळीस किलोमीटर, नऊशे मीटरचा चढ, आणि वाटेत पाण्याची जागा एकच," येल्मरमामाने वाचून दाखवलं. नकाशावरून सरकत त्याचं बोट एका बारीक ठिपक्यावर येऊन टेकलं. "पेरास. खिंडीच्या जराशी अलीकडे आहे ही वाडी. तिथे बाटल्या भरायच्या, पाच मिनिटं सावलीत बसायचं, की पुढे नुसता उतार."

रिन्स्केने आपल्या वहीत पाहिलं. पेरासच्या नावापुढे तिने पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढलं होतं. गेल्या तीन महिन्यांत ते इतक्यांदा गिरवलं होतं, की त्या जागी कागद फाटायला आला होता.

हिवाळाभर त्यांच्या हॉलंडमधल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर हाच नकाशा होता. बाहेर कालवे गोठलेले, खिडकीला बर्फाची किनार, आणि आत चर्चा मात्र दक्षिण फ्रान्समधल्या रणरणत्या डोंगरांची. सायकलवरून सहा दिवसांत पाच खिंडी. मामाने चिठ्ठ्या टाकून कामं वाटली होती. चौदा वर्षांच्या वित्सेकडे सायकलींची दुरुस्ती आली, मामाच्या दहा वर्षांच्या मुलाकडे, टीटेकडे, तंबू आणि आजोबांकडे जेवण. वित्सेची बहीण रिन्स्के बारा वर्षांची. तिच्या चिठ्ठीवर एकच शब्द होता, 'पाणी'. त्या दिवसापासून तिला धड झोप नव्हती.

आता ते डोंगराच्या पायथ्याशी, नदीकाठच्या तंबूंच्या एका तळावर येऊन पोचले होते. परवा सकाळी निघायचं होतं.

"पेरासच्या कुंडाला पाणी आहे, हे तुला कुणी सांगितलं?" रिन्स्केने विचारलं.

"फोटोने." मामाने फोन तिच्यापुढे धरला. फोटोत दगडी कुंड होतं आणि त्यात मनगटाएवढी धार पडत होती. "बघ. यात आंघोळ करता येईल."

"कधीचा आहे फोटो?"

"दगडाचं कुंड आहे गं ते. उठून कुठे जाणार?"

टीटे खुदकन हसला. वित्से म्हणाला, "पाणीमंत्र्यांना आज पुन्हा ताप आलाय."

आजोबा बाजूला बसून पीच सोलत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "पण फोटो कधीचा, येल्मर?"

"सहा वर्षांपूर्वीचा," मामा म्हणाला आणि नकाशाची घडी घालायला लागला.

संध्याकाळी पाचच्या सुमारास दोन सायकलस्वार बायका तळावर आल्या. त्यांच्या चेहऱ्यांवर घामाचं मीठ पांढरं पडलं होतं. कुणाशी काही न बोलता त्या सरळ नळाशी गेल्या आणि पाळीपाळीने डोकं नळाखाली धरून उभ्या राहिल्या. रिन्स्के तिथेच भांडी घासत होती. दोघी बेल्जियमच्या निघाल्या, डच बोलणाऱ्या, म्हणजे भाषेची अडचण नव्हती.

"तुम्ही पेरासवरून आलात का?" तिने विचारलं.

"हो. आणि पुन्हा जाणार नाही," त्यांतली उंच बाई म्हणाली. "कुंडात टिपूस नाही. एकोणीस किलोमीटर कोरड्या घशाने उतरलो आम्ही. तुम्ही जाणार असाल तर उंटासारखे भरून जा."

रिन्स्के ओले हात घेऊन तंबूकडे धावली. मामाने शांतपणे ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "दुसऱ्या कुठल्या तरी वाडीत थांबल्या असतील."

तेवढ्यात सोलेन उद्याच्या पावांची यादी घ्यायला आली. तळ तिच्या आईवडिलांचा. वडील इथले आणि आई हॉलंडची, त्यामुळे तेरा वर्षांची सोलेन दोन्ही भाषा सारख्याच वेगाने बोलायची. "पेरासचं कुंड?" ती म्हणाली. "ते कधीच आटत नाही. आजूबाजूच्या विहिरी कोरड्या पडल्या त्या वर्षीही ते वाहत होतं. मागच्याच्या मागच्या रविवारी मी बाबांबरोबर गेले होते. चांगली मोठी धार होती."

"ऐकलंस?" मामा रिन्स्केला म्हणाला. "इथली मुलगी सांगतेय."

पण रिन्स्केने वेगळंच ऐकलं होतं. कधीच न आटणारं कुंड दहा-बारा दिवसांत आटतं कसं? की सोलेन चुकत होती? की त्या बायका? तिने मामाला सुचवलं, की मग प्रत्येकाने तीन-तीन लिटर पाणी घेऊ.

"पाचजणांचं पंधरा लिटर, म्हणजे पंधरा किलो," मामा म्हणाला. "एवढं ओझं घेऊन चढ चढायचा, का, तर वर पाणी असेल की नसेल अशी शंका आहे म्हणून? मी सहा महिने आखणी केलीय, रिन्स्के. जरा विश्वास ठेव की."

"आम्ही उद्या सकाळी जाऊन बघून येऊ का मग?" वित्सेने अचानक विचारलं. बहिणीला चिडवायचं काम त्याचं होतं खरं, पण तिने ताटात सोडलेलं जेवण त्याने पाहिलं होतं.

"जंगलातून आडवाट आहे," सोलेन म्हणाली. "नऊच किलोमीटर. मी येते."

मामाने खांदे उडवले. "जा, बघा, आणि माझी माफी मागायला परत या."

सकाळी सहाला चौघं निघाले. प्रत्येकाकडे दोन बाटल्या. आडवाट इतकी उभी होती, की अर्ध्या वाटेवर त्यांना उतरून सायकली ढकलाव्या लागल्या. त्यांच्या गावात चढ म्हणजे कालव्यावरचा पूल. इथे वळण संपलं की पुढे तसंच दुसरं वळण उभं. आठ वाजायच्या आतच ऊन मानेवर टोचायला लागलं. टीटेने पहिली बाटली कधीच संपवली होती. रिन्स्के प्रत्येकाच्या बाटलीकडे सारखी बघत होती.

"मोजू नकोस गं," वित्से म्हणाला. "मोजलंस की जास्त तहान लागते."

पेरासला जेमतेम सहा घरं होती. त्यांतल्या पाचांच्या खिडक्यांना फळ्या लावलेल्या. मधल्या चौकात एका डेरेदार झाडाखाली कुंड होतं, अगदी फोटोतल्यासारखंच. पितळी तोटी कोरडी होती आणि तळात वाळलेली पानं पडली होती.

आपलं खरं ठरल्याचा आनंद रिन्स्केला मुळीच झाला नाही.

सोलेनने सहाव्या घराचं दार वाजवलं. "एस्तेव्ह आजोबा राहतात इथे. मधमाश्या पाळतात." आतून उत्तर आलं नाही. "आज गुरुवार. बाजाराला गेले असतील मध घेऊन. दुपारशिवाय येणार नाहीत."

"झालं तर मग," टीटे म्हणाला. "झरा आटला. चला परत."

रिन्स्के कुंडात उतरली होती. तिने बोटाने भिंतीचं शेवाळ खरवडलं. वरून ते करपलं होतं, आत मात्र अजून मऊ आणि हिरवं होतं. "इकडे बघ, वित्से. पाण्याची रेघ एकच आहे. हळूहळू पाणी कमी झालं असतं तर खाली खाली रेघा पडल्या असत्या ना? आधी धार, मग दोरा, मग थेंब. इथे तसं काहीच नाही. एका दिवसात बंद झालंय हे."

वित्सेने वाकून पाहिलं. या वेळी त्याने चिडवलं नाही. "झरा कुठे आहे?" त्याने सोलेनला विचारलं.

झरा वाडीच्या वर होता, एका पडक्या देवळाच्या मागे ओकच्या झाडीत. तिथे डोंगराच्या कुशीत दगडी पेटी बांधलेली होती आणि तिच्यावर लोखंडी झाकण होतं. झाकणावरचा गंज नुकताच खरवडला गेला होता आणि बाजूचं गवत तुडवलेलं होतं. वित्से आणि सोलेनने मिळून झाकण सरकवलं. आत काचेसारखं पाणी होतं, गार, हलतं. झरा अजिबात आटला नव्हता.

पेटीतून दोन पाइप निघत होते. एक जुना, लोखंडी, वाडीकडे जाणारा. त्याच्यावरचा कॉक आडवा फिरवून बंद केलेला. दुसरा होता नवा कोरा काळा प्लॅस्टिकचा. तो झाडीतून पलीकडच्या उतारावर गेला होता.

"चला," रिन्स्के हळूच म्हणाली.

पाइपाच्या मागोमाग ते लॅव्हेंडरच्या शेताच्या बांधावरून गेले आणि एका नव्याने डागडुजी केलेल्या मोठ्या घराच्या कुंपणापाशी पोचले. फाटकाला कुलूप. आत पोहण्याचा हौद होता, निळ्या फरश्यांचा, बराचसा भरलेला. काळ्या पाइपाच्या तोंडातून त्यात सतत धार पडत होती. सावलीसाठी एक झाडही नव्हतं तिथे. नुसतं पाणी उन्हात चमकत होतं. आणि आसपास माणूस नाही.

"देलूसचं घर," सोलेन म्हणाली. "शहरातला आहे. पाहुण्यांना भाड्याने देतो. शनिवारपासून लोक यायचेत, बाबा म्हणाले होते."

टीटे पाइपापाशी उकिडवा बसला होता. "यावर काहीतरी छापलंय. आकडे आहेत. हे वर्ष, आणि पुढे पाच."

"म्हणजे मे महिन्यात बनलेला," वित्से म्हणाला. त्याने फोटो काढले. पाइपाचे, हौदाचे आणि मग परत येऊन पेटीतल्या बंद कॉकचे.

देवळापाशी पोचताच वित्सेच्या खिशातला फोन वाजला. वाडीत रेंज नव्हती, इथे एक दांडी होती. आजोबांचा निरोप होता, आठ वाजून दहा मिनिटांनी पाठवलेला. वित्सेने मोठ्याने वाचला.

"मामा काही ऐकत नाही. म्हणतो, पहिला टप्पा आजच करून दाखवतो. तो एकटा नको म्हणून मीही निघालोय. डांबरी रस्त्याने येतो, साडेअकराला पेरासच्या कुंडावर भेटू. वर पाणी आहेच, म्हणून एकेकच बाटली घेतलीय. थांबा तिथेच."

दहाला पाच कमी होते.

डांबरी रस्ता एकोणीस किलोमीटरचा होता. सोलेनने सांगितलं, की शेवटच्या अकरा किलोमीटरमध्ये एकही झाड नाही, सगळा पांढरा खडक. आजोबा बहात्तर वर्षांचे. एकेकाळी गोठलेल्या कालव्यांवरून स्केट्सवर दिवसभर घसरत दोनशे किलोमीटर गेलेला माणूस. पण ते थंडीतलं झालं. रक्तदाबाची गोळी ते रोज सकाळी घेत, आणि उन्हात भरपूर पाणी प्या, असं डॉक्टरांनी निघताना दोनदा बजावलं होतं. रिन्स्केने ते वहीत लिहूनही ठेवलं होतं.

वित्सेने फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. नाहीच.

"किती पाणी आहे आपल्याकडे?" त्याने विचारलं, आणि आता मोजायला सांगणारा तोच होता.

"तीन बाटल्या, आणि टीटेच्या बाटलीत चार घोट." रिन्स्केने बाटल्या हलवून पाहिल्या. "पेटीतलं आहे, पण त्यात पाणी शुद्ध करायची गोळी टाकली की अर्धा तास थांबावं लागतं."

"तिन्ही बाटल्या मला दे. मी डांबरी रस्त्याने खाली जातो. उतारच आहे, दहा-पंधरा मिनिटांत गाठीन त्यांना."

"हळू जा. वळणांवर खडी आहे," सोलेन म्हणाली. तो तोवर निघालाही होता.

उरले तिघं. आजोबा येतील तेव्हा त्यांना कुंडावर बसवायचं होतं, भिजवायचं होतं, बाटल्या भरून खाली पाठवायच्या होत्या. कॉक फिरवला की पाणी येणार होतं. तरी रिन्स्के पेटीपाशी हात आखडून उभी राहिली.

"आपलं नाहीये हे," ती म्हणाली. "काही तुटलं-फुटलं तर?"

"हौदही आपला नाही," टीटे म्हणाला. "कुंड मात्र सगळ्यांचं आहे. माझे बाबा येतायत ना त्याच्या भरवशावर."

सोलेनने विचार केला. "तोडायचं काहीच नाही. त्याने जे फिरवलंय ते उलटं फिरवायचं. आणि लिहून ठेवायचं."

रिन्स्केने वहीचं पान फाडलं. 'आम्ही जुना कॉक उघडला आणि नवीन बंद केला. कारण खाली आमच्या आजोबांना पाणी हवं आहे.' खाली तिघांची नावं आणि वेळ. सोलेनने तेच फ्रेंचमध्ये लिहिलं. कागद झाकणाखाली दगडाने दाबला. मग सोलेनने काळ्या पाइपाचा कॉक बंद केला आणि दोघींनी मिळून जुना फिरवला. तो इतका घट्ट होता, की रिन्स्केच्या तळहाताचं कातडं निघालं.

धावत ते कुंडाशी आले. तोटीतून काहीच येत नव्हतं.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. टीटेने तोटीला कान लावला. "फुसफुसतंय नुसतं."

"पाइपात हवा भरलीय," सोलेन म्हणाली, पण तिलाही खात्री नव्हती. रिन्स्के चौकाच्या टोकाला जाऊन रस्त्याकडे बघून परत येई, पुन्हा जाई. वित्सेला जाऊन वीस मिनिटं झाली होती. भेटले असते तर एव्हाना कुणीतरी दिसायला हवं होतं. की वित्सेच वळणावर पडला? आपण त्याला एकट्याला का जाऊ दिलं? दगडांवरून उन्हाच्या झळा येत होत्या आणि कीटकांची किरकिर इतकी मोठी होती, की दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

अचानक तोटी खोकली. एकदा, दोनदा. तपकिरी पाण्याची पिचकारी उडाली, थांबली, पुन्हा उडाली. मग गढूळ धार लागली आणि बघता बघता निवळत गेली. टीटेने तोंड पुढे केलं. रिन्स्केने त्याला मागे ओढलं. "आधी वाहू दे." मग तिने सगळ्या रिकाम्या बाटल्या भरून गोळ्या टाकल्या आणि घड्याळ बघून वेळ लिहिली. दहा चाळीस.

अकरा वाजून गेले तरी रस्त्यावर कुणी दिसलं नाही. तेवढ्यात एक पांढरी गाडी धुरळा उडवत मागच्या कच्च्या रस्त्याने चौकात आली. तिच्यातून एक गोरापान माणूस उतरला. त्याच्या हातात त्यांचाच कागद होता.

"हा उद्योग तुमचा?" त्याने विचारलं. सोलेन त्याचं फ्रेंच हळूच रिन्स्केला सांगत गेली. "हौदाची धार बंद पडलीय माझ्या. परवा पाहुणे येतायत."

"मस्यो देलूस, तुम्ही कुंडाचं पाणी तोडलंत," सोलेन म्हणाली.

"मी काही तोडलं नाही. तो पाइप जुना आहे, घर घेतलं तेव्हापासूनचा. झरा उन्हाने कमी झालाय. आणि इथे राहतंय कोण? एक म्हातारा आणि त्याच्या माश्या." तो वर जायला वळला. "मी पुन्हा फिरवतो. तुम्ही आपापल्या घरी जा, पोरांनो."

रिन्स्केने सोलेनचा हात धरला. "त्याला विचार, पाइप किती वर्षांचा आहे."

"दहा वर्षांचा," देलूस म्हणाला.

टीटेने वित्सेसारखाच स्वतःच्या फोनवरही फोटो काढला होता. तो त्याने देलूससमोर धरला. त्याला फ्रेंच येत नव्हतं, पण आकड्यांना भाषा लागत नाही. देलूसने वाकून ते आकडे वाचले.

"आणखी एक," सोलेन म्हणाली. ती आता घाबरलेली दिसत नव्हती. "कुंडातून सांडलेलं पाणी त्या भिंतीमागच्या हौदात जातं. तो आगीच्या बंबासाठी आहे. आत्ताच मी बघून आले, झिरपून झिरपून तळ दिसतोय त्याचा. माझे बाबा गावच्या अग्निशमन पथकात आहेत. आज वणवा लागला असता, तर बंब इथे येऊन रिकामे परत गेले असते. पहिलं घर तुमचंच आहे जंगलाला लागून."

देलूस भिंतीकडे गेला, त्याने पलीकडे वाकून पाहिलं. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "माझ्या लक्षातच आलं नाही," तो म्हणाला. "गवंडी म्हणाला, झरा मोकळाच वाहतोय."

रिन्स्केला ते ऐकायचंच नव्हतं. साडेअकरा होत आले होते. "त्याला सांग, ते सगळं नंतर," ती म्हणाली. "माझे आजोबा खाली उन्हात आहेत. त्याच्याकडे गाडी आहे."

सोलेनने सांगितलं. देलूसने एकदा रिन्स्केकडे पाहिलं. मग त्याने मागचा दरवाजा उघडून दोन कॅन काढले आणि ते तोटीखाली धरले. सोलेनने त्याच्या गाडीचा नंबर लिहून घेतला, आणि गाडी गेल्यावर ती देवळाकडे पळाली, वडिलांना फोन करायला.

रिन्स्के आणि टीटे कुंडाच्या काठावर बसून राहिले. टीटे म्हणाला, "बाबांना काही होणार नाही ना?" तिने त्याला जवळ घेतलं. होणार नाही, असं ती म्हणू शकली नाही.

गाडी परत आली तेव्हा आजोबा पुढच्या सीटवर होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि कातडीवर घामाचा थेंब नव्हता. मामा आणि वित्सेने त्यांना धरून उतरवलं. आजोबांनी रिन्स्केकडे पाहिलं आणि ते तिला तिच्या आईच्या नावाने हाक मारून म्हणाले, "बाउक्ये, दार लावून घे, बर्फ येतोय आत."

मामा नुसता त्यांचा हात धरून बसला. रिन्स्केच्या मात्र अंगात कुठूनसं बळ आलं. तिने वहीत लिहून ठेवलेलं सगळं तिला पाठ होतं. "सावलीत झोपवा. बूट काढा. टीटे, तुझा शर्ट भिजव. वित्से, मानेला आणि काखेत ओली फडकी. भ्रम आहे तोवर प्यायला नाही द्यायचं, ठसका लागेल." सगळे तिचं ऐकत होते. देलूससुद्धा. तो आपल्या टोपीने पाणी आणून आजोबांच्या पायांवर ओतत होता.

सोलेनचे वडील लाल गाडी घेऊन आले तोवर आजोबांचे डोळे थाऱ्यावर आले होते. पथकातल्या बाईने नाडी पाहिली, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला, हाताला सुई टोचून सलाइन लावलं. "आणखी अर्धा तास गेला असता तर हेलिकॉप्टर बोलवावं लागलं असतं," ती म्हणाली. "कुणी भिजवलं यांना?"

सगळ्यांनी रिन्स्केकडे पाहिलं. ती तेव्हा रडायला लागली.

वित्सेने वाटेतली हकिगत नंतर सांगितली. आठव्या किलोमीटरवरच दोघांच्या बाटल्या संपल्या होत्या. मामाला वाटलं, वर पाणी आहेच, थोडाच चढ उरलाय, परत फिरण्यात अर्थ नाही. मग एका वळणावर आजोबा सायकल टाकून खडकावर बसले, ते उठेचनात. वित्सेने त्यांना थोडं थोडं पाणी पाजलं, अंगावर एक बाटली रिकामी केली, आणि दोघांनी आपले शर्ट धरून त्यांच्यावर सावली केली. मदत मागायला एकाने जावं, तर मागे राहिलेला एकटा त्यांना सांभाळणार कसा, हे दोघांनाही कळत नव्हतं. तेवढ्यात गाडी आली.

दुपारी गावच्या सरपंच मदाम फाब्रेग स्वतः पेरासला आल्या. त्यांनी पेटी पाहिली, बंबाचा रिकामा हौद पाहिला, टीटेच्या फोनमधले फोटो पाहिले. देलूसने काही लपवलं नाही. त्याने पाइप काढला आणि पोहण्याच्या हौदातलं पाणी पंपाने बंबाच्या हौदात सोडायचं कबूल केलं. एस्तेव्ह आजोबा बाजारातून परतले, तेव्हा चौकात एवढी गर्दी बघून आधी घाबरले. मग त्यांना तोटी दिसली. त्यांनी हात धुतले, तोंड धुतलं, आणि सोलेनला म्हणाले, "अकरा दिवस मी लोकांना सांगतोय. सगळे म्हणाले, उन्हाळा आहे, म्हाताऱ्या."

मदाम फाब्रेगनी रिन्स्केशी हात मिळवला. "मलाही सांगितलं होतं त्यांनी," त्या म्हणाल्या. "मीही तेच म्हटलं. तू येऊन पाहिलंस. ते माझं काम होतं."

आजोबांना एक रात्र इस्पितळात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं. संध्याकाळी ते तळावर खुर्चीत बसले, मांडीवर टरबुजाची फोड घेऊन. डॉक्टरांनी त्यांना आठवडाभर सायकलवर बसू नका म्हणून सांगितलं होतं. सोलेनची आई त्यांना गाडीने प्रत्येक मुक्कामावर पोचवणार होती.

येल्मरमामाने नकाशा आणला आणि टेबलावर पसरला.

"मी कालपासून माफी कशी मागायची याचा विचार करतोय," तो म्हणाला. "रिन्स्के, मला तुझ्या प्रश्नांचा राग यायचा. कारण माझ्याकडे उत्तरं नव्हती."

आजोबांनी टरबुजाची बी थुंकली. "मी सत्तर वर्षं बर्फावर चालत आलोय," ते म्हणाले. "बर्फ किती जाड आहे, हे जो आधी काठीने ठोकून बघतो, त्याच्या मागून जायचं. तो भित्रा नसतो. आम्ही त्याला पुढे ठेवतो."

"मग पुढे राहा, पाणीमंत्री," वित्से म्हणाला, आणि या वेळी त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती.

रिन्स्केने वही उघडली. दुसऱ्या टप्प्यावर पाण्याची एकच जागा होती, रोशबेल नावाच्या गावात पावाच्या दुकानासमोर. "इथे फोन करायला हवा," ती म्हणाली. "आत्ता."

सोलेनने नंबर शोधून लावला आणि फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. पलीकडे एक बाई होती. मागे भांड्यांचा आवाज येत होता. सोलेनने विचारलं, तुमच्या दुकानासमोरच्या कुंडाला पाणी आहे का?

"असतंच की नेहमी," बाई म्हणाली.

सोलेनने ते रिन्स्केला सांगितलं. रिन्स्केने नकारार्थी मान हलवली. "बाई, कृपा करून एकदा बघता का?" सोलेन म्हणाली. "आमची एक मैत्रीण आहे. तिला नक्की हवंय."

पलीकडे उसासा ऐकू आला. मग सपातांचा आवाज, दाराची घंटी, रस्त्यावरची कुणाची तरी हाक. सगळे टेबलावर वाकले. मामाचा हात नकाशावर तसाच राहिला होता.

"ऐका," बाई म्हणाली, आणि तिने फोन खाली धरला असावा. कारण त्यानंतर तिचा आवाज आला नाही. दगडावर पडणारी पाण्याची धार तेवढी येत राहिली, भरघोस, न थांबता. फोन ठेव, असं कुणीच म्हणालं नाही.